गिटारचा ध्वनिवर्धक : ओळख आणि जीर्णोद्धार

वाद्यांच्या इतिहासांत गिटारची कथा ही मुख्यतः क्षीण आवाजाची कथा आहे. दिवाणखान्यांत बसलेल्या चार माणसांना तृप्त करणारा तिचा स्वर नृत्यगृहांतील पितळी वाद्यांच्या गजरांत हरवून जाई. १९१५ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथें भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर हवाई बेटांतील गिटारवादनाचें वेड अमेरिकेंत सर्वत्र पसरलें. परंतु श्रोत्यांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतशी वादकांची अडचणहि वाढत गेली. १९२७ च्या सुमारास धातूची काया आणि आंत अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ चकत्या असलेल्या गिटारी कॅलिफोर्नियांत बनूं लागल्या. त्यांचा आवाज मोठा होता, तरी पितळी वाद्यांशीं बरोबरी करण्याइतका मोठा नव्हता. शेवटीं गिटारला जो आवाज लाभला, तो तिच्या कायेंतून नव्हे, तर तिच्या शेजारीं ठेवलेल्या एका लांकडी पेटींतून. ही पेटी म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायर अथवा ध्वनिवर्धक. गिटार वाजविणाऱ्यांचीं नांवें जगाला ठाऊक झालीं, बनविणाऱ्यांचींहि झालीं. पेटी मात्र दीर्घ काळ दुर्लक्षित राहिली. पुढें तिला मोल आलें, तेव्हां ती खरी कोणती, ती कोणत्या सालची, आणि तिला पुन्हा बोलतें करावयाचें तर तिच्यांतील काय बदलावें व काय जपावें, हे प्रश्न उभे राहिले. त्यांचीं उत्तरें शोधण्यास त्या पेटीच्या इतिहासाकडेच वळावें लागतें.

या पेटीचा प्राण म्हणजे व्हॉल्व्ह. १९०४ सालीं इंग्लंडांत जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंग यांनीं निर्वात केलेल्या कांचेच्या फुग्यांत तापलेली तार आणि धातूची पट्टी अशीं दोन अंगें बसवून पहिला व्हॉल्व्ह सिद्ध केला. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं त्यांत तिसऱ्या अंगाची, म्हणजे तारेच्या जाळीची भर घातली. शेताला पाणी देणारा शेतकरी पाटाच्या तोंडाशीं पावडेंभर माती ओढतो आणि साऱ्या पाण्याचा ओघ अडवितो अथवा सोडतो. व्हॉल्व्हमधील जाळीचें कार्य याच प्रकारचें आहे. जाळीवर येणारी विजेची लहानशी हालचाल तापलेल्या अंगाकडून पट्टीकडे वाहणाऱ्या मोठ्या प्रवाहाला आपल्या तालावर नाचविते. या गुणाचा पहिला मोठा उपयोग टेलिफोनला झाला. १९१५ सालीं न्यूयॉर्क व सॅन फ्रान्सिस्को हीं दोन शहरें बोलण्यानें जोडलीं गेलीं, तीं व्हॉल्व्हच्याच बळावर. नंतर रेडिओ आला, व्हॉल्व्ह स्वस्त झाले आणि वाद्य बनविणाऱ्यांच्याहि आटोक्यांत आले.

१९३२ सालीं जॉर्ज बोशाँ व अ‍ॅडॉल्फ रिकेनबॅकर यांच्या लॉस एंजलिस येथील कारखान्यानें विजेची हवाई गिटार बाजारांत आणली. तिच्या तारांखालीं लोहचुंबक व तारेचें वेटोळें होतें. तार कंप पावली कीं वेटोळ्यांत क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होई आणि ध्वनिवर्धक त्याला वाढवी. १९३६ सालीं गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही गिटार निघाली. चार्ली ख्रिश्चन या तरुण वादकानें १९३९ सालीं बेनी गुडमन यांच्या वाद्यवृंदांत प्रवेश केला, तो हीच गिटार घेऊन. १९४२ सालीं वयाच्या पंचविसाव्या वर्षीं तो मृत्यु पावला. पण एवढ्या अवधींत त्यानें गिटारला साथीच्या रांगेंतून उठवून मुख्य वाद्यांच्या रांगेंत बसविलें. पेटी नसती तर हें घडतें ना.

या पेटीला निश्चित रूप दिलें तें लिओ फेंडर यांनीं. १९०९ सालीं कॅलिफोर्नियांत जन्मलेल्या या गृहस्थांचें शिक्षण हिशेबनिसाचें होतें आणि गिटार त्यांना वाजवितां येत नसे. १९३८ सालीं त्यांनीं फुलर्टन या गांवीं रेडिओ-दुरुस्तीचें दुकान काढलें आणि १९४६ सालीं स्वतःची कंपनी स्थापिली. दुरुस्ती हा ज्याचा धंदा, त्याला यंत्र कोठें बिघडतें हें चांगलें ठाऊक असतें. फेंडर यांनीं आपल्या पेट्यांतील सुटे भाग पुठ्ठ्यासारख्या एका जाड फळीवर सुटसुटीत मांडले. कोणताहि भाग डाख सोडवून सहज काढतां यावा आणि नवा बसवितां यावा, अशी ही रचना होती. पेटीच्या आंतल्या अंगास एक कागद चिकटविलेला असे व त्यावर कोणता व्हॉल्व्ह कोठें बसतो तें छापलेलें असे. ही पेटी उघडली जाणार आणि दुरुस्त केली जाणार हें तिच्या कर्त्यानें गृहीतच धरलें होतें. जीर्णोद्धाराचा विचार करतांना या गोष्टीला फार महत्त्व आहे.

आतां या इतिहासांतील सर्वांत चमत्कारिक प्रकरण येतें. ध्वनिवर्धकानें मूळ आवाज जसाच्या तसा मोठा करावा, त्यांत आपल्या पदरचें कांहीं घालूं नये, हें त्या काळच्या इंजिनियरांचें ध्येय होतें. परंतु व्हॉल्व्हला त्याच्या शक्तीबाहेर राबविलें कीं ध्वनिलहरींचे माथे वाकतात, चपटे होतात, आणि मूळ स्वराबरोबर अनेक वरचे स्वर जन्मास येतात. आवाज खरखरीत, दाट व लांब टिकणारा होतो. शास्त्राच्या दृष्टीनें ही विकृति होय. वादकांच्या कानांना मात्र तींत मानवी गळ्याची आर्तता ऐकूं येऊं लागली. १९५१ च्या मार्च महिन्यांत मेंफिस शहरांत आइक टर्नर यांचा वाद्यवृंद ‘रॉकेट ८८’ हें गाणें मुद्रित करण्यास आला. प्रवासांत गिटारच्या ध्वनिवर्धकास इजा होऊन त्याचा कर्णा बिघडला होता. सॅम फिलिप्स यांनीं त्यांत कागदाचे बोळे कोंबून काम चालविलें, आणि तो फाटका आवाज गाण्याबरोबर अमेरिकाभर गाजला. १९६४ सालीं लंडनमध्यें ‘किंक्स’ या चमूच्या डेव्ह डेव्हिस यानें तर आपल्या लहानशा ध्वनिवर्धकाचा कागदी कर्णा मुद्दाम पात्यानें चिरला. तेरा वर्षांपूर्वीं जो अपघात होता, तो आतां अलंकार झाला.

या दोन घटनांच्या दरम्यान इंग्लंडांत दुसरी एक परंपरा उदयास आली होती. महायुद्धानंतर कांहीं काळ तेथें अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर निर्बंध होते. त्यामुळें देशी कारखान्यांना वाव मिळाला. केंट परगण्यांतील डार्टफर्ड येथें टॉम जेनिंग्स यांच्या कारखान्यांत डिक डेनी यांनीं ‘व्हॉक्स’ नांवाचे ध्वनिवर्धक रचले. त्यांतील एसी-३० या नमुन्यांत ईएल ८४ जातीचे चार व्हॉल्व्ह असत. युरोपांतील आणि भारतांतील जुन्या घरगुती रेडिओंत, एकेकटा कां होईना, हाच व्हॉल्व्ह पुष्कळदां आढळे. ‘बीटल्स’ या चमूचा प्रारंभींचा आवाज याच पेट्यांतून निघाला. पश्चिम लंडनमधील हॅनवेल येथें जिम मार्शल हे ड्रमवादक वाद्यांचें दुकान चालवीत. गिऱ्हाइकांच्या आग्रहावरून १९६२ सालीं केन ब्रॅन व डडली क्रेव्हन या सहकाऱ्यांच्या मदतीनें त्यांनीं जो ध्वनिवर्धक सिद्ध केला, त्याची विद्युत्‌रचना फेंडर यांच्या ‘बासमन’ या यंत्रावरून जवळजवळ तशीच उचललेली होती. व्हॉल्व्ह आणि कर्णे मात्र बहुतांशीं इंग्रजी बनावटीचे वापरले गेले, आणि तेवढ्या फरकानें आवाजाचा स्वभावच पालटला. स्वतः ‘बासमन’ हें यंत्र मंद्र सप्तकांतील बास गिटारसाठीं बनविलेलें होतें. साध्या गिटारच्या वादकांनीं तें आपलेंसें केलें. सारांश, या पेट्यांची थोरवी त्यांच्या कर्त्यांनीं आंखलेल्या मार्गानें आलेली नाहीं. एका बाजूनें अपघात व दुसऱ्या बाजूनें वादकांचा हट्ट यांतून ती घडली. जीर्णोद्धार करणाऱ्यापुढील पेंच येथेंच आहे. दोष काढणें हें दुरुस्ती करणाऱ्याचें काम. आणि येथें तर जपावयाचा गुण दोषाच्या पोटांतच दडलेला आहे.

१९४७ च्या डिसेंबरांत अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ट्रान्झिस्टरचा जन्म झाला. पुढील तीस वर्षांत रेडिओंतून, टेलिफोनमधून आणि गणकयंत्रांतून व्हॉल्व्ह हद्दपार झाला, व मोठमोठे कारखाने एकामागून एक बंद पडले. गिटारवादकांनीं मात्र त्याला सोडलें नाहीं. एकविसाव्या शतकांतहि मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया व चीन या देशांत व्हॉल्व्ह तयार होत राहिले, त्याचें एक मोठें कारण हे वादकच होत. इकडे १९६५ च्या जानेवारींत फेंडर यांनीं आपली कंपनी सीबीएस या नभोवाणीच्या धंद्यांतील बड्या संस्थेला १ कोटी ३० लाख डॉलरांस विकली. संग्राहकांनीं या विक्रीलाच सीमारेषा मानलें व तिच्या अलीकडील आणि पलीकडील पेट्यांच्या किमतींत मोठें अंतर पडलें. किंमत आली कीं लबाडी येतेच. नवी पेटी जुनी म्हणून खपविणें, दोन मोडक्या पेट्यांची एक करणें, मूळ कर्णा काढून भलताच बसविणें, हे प्रकार सुरू झाले. म्हणून प्रथम ओळख पटली पाहिजे.

ओळख पटविण्याची रीत इतिहाससंशोधनाहून वेगळी नाहीं. बखरींतील वर्णनापेक्षां समकालीन अस्सल पत्राला अधिक वजन असतें. तसें विकणाऱ्याच्या सांगण्यापेक्षां पेटींतील भागांवरील शिक्क्यांना अधिक वजन द्यावें लागतें. बाह्य रूप ही पहिली साक्ष. १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून १९६० पर्यंत फेंडर यांच्या बहुतेक पेट्या रोगण दिलेल्या पिवळसर सुती कापडांत मढविलेल्या असत. त्यानंतर तपकिरी रंगाच्या, १९६३ पासून काळ्या दर्शनी पट्टीच्या, व १९६७ च्या अखेरीपासून रुपेरी पट्टीच्या पेट्या निघाल्या. परंतु कापड बदलतां येतें. केवळ त्यावर विसंबून निर्णय देतां येत नाहीं.

दुसरी साक्ष आंतल्या कागदाची. १९५० व १९६० च्या दशकांतील पुष्कळ पेट्यांत त्या कागदावर दोन इंग्रजी अक्षरांचा रबरी शिक्का असतो. पहिलें अक्षर सालाचें व दुसरें महिन्याचें. ‘ए’ म्हणजे १९५१, ‘बी’ म्हणजे १९५२, या क्रमानें मोजलें असतां ‘एच ई’ या शिक्क्याचा अर्थ १९५८ चा मे महिना असा होतो. त्याच कागदावर रचनेचा क्रमांकहि असतो. ‘५ एफ ६-ए’ या क्रमांकांतील ५ हा आंकडा १९५० च्या दशकाचा, ‘एफ’ हें अक्षर सुधारणेच्या पायरीचें, व ६ हा आंकडा ‘बासमन’ या नमुन्याचा निदर्शक होय.

तिसरी साक्ष सर्वांत मोलाची, कारण ती एका ठिकाणीं नसून अनेक ठिकाणीं विखुरलेली असते. अमेरिकेंतील सुट्या भागांच्या कारखान्यांना ठराविक क्रमांक दिलेले असत, व प्रत्येक भागावर कारखान्याचा क्रमांक, साल व आठवडा हीं एका ओळींत उमटविण्याची प्रथा होती. २२० हा क्रमांक जेन्सन कंपनीच्या कर्ण्यांचा, ३०४ व १३७ हे क्रमांक आवाज कमीजास्त करणाऱ्या खुंट्या बनविणाऱ्या स्टॅकपोल व सीटीएस या कंपन्यांचे, आणि ६०६ हा शूमाकर कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरचा. एखाद्या कर्ण्याच्या पाठीवर २२०८१४ असा आंकडा आढळला, तर तो जेन्सनचा असून ८ हा अंक ज्याच्या शेवटीं येतो अशा सालच्या चौदाव्या आठवड्यांतला, एवढें निश्चित होतें. तें साल १९४८ कीं १९५८, हें इतर भाग सांगतात. खुंटीवर ३०४८१० असेल व कागदावर ‘एच ई’ असेल, तर मार्चच्या प्रारंभीं बनलेली खुंटी आणि एप्रिलच्या प्रारंभीं बनलेला कर्णा १९५८ च्या मे महिन्यांत एकत्र आले, ही कथा सुसंगत ठरते. कोणतीहि पेटी तिच्यांतील सर्वांत अलीकडच्या मूळ भागापेक्षां जुनी असूं शकत नाहीं. सर्व साक्षी १९५८ कडे बोट दाखवीत असतां एखादी खुंटी १९६६ ची निघाली, तर ती मागाहून बसविलेली आहे. आणि तिच्यावरील डाख बारकाईनें पाहिला असतां तोहि बहुधा तसेंच सांगतो. मूळ डाख सारख्या हाताचा, फिक्या चकाकीचा असतो. पुन्हा दिलेल्या डाखेभोंवतीं राळेचा नवा थर व वाकविलेल्या तारांच्या खुणा राहतात.

ओळख पटली कीं जीर्णोद्धाराचा आरंभ होतो, आणि त्यांतील पहिला नियम निषेधाचा आहे. दीर्घ काळ पडून असलेली पेटी घरीं आणतांच विजेच्या खटक्यास जोडूं नये. तिच्यांत ४०० व्होल्टांहून अधिक दाब खेळतो, आणि वीज साठविणारे कंडेन्सर खटका काढल्यानंतरहि तो दाब आपल्या पोटांत धरून ठेवूं शकतात. म्हणून हें काम जाणत्या कारागिरानेंच करावें. तो प्रथम योग्य रोधकांतून कंडेन्सर रिकामे करतो, मापकानें दाब उतरल्याची खात्री करतो, आणि मगच आंत हात घालतो.

दुसरा धोका वाजविणाऱ्याच्या जीवाशीं निगडित आहे. जुन्या अमेरिकन पेट्यांस दोनच पायांचा प्लग असे. अर्थिंगची तार नसे. विजेची एक वाहिनी व पेटीचा पत्र्याचा सांगाडा यांच्यामध्यें गुणगुण कमी करण्यासाठीं एक कंडेन्सर बसविलेला असे. तो फुटला तर सारा सांगाडा आणि त्याला जोडलेल्या गिटारच्या ताराहि जिवंत होतात. अर्थिंगच्या अभावाचा परिणाम किती भयंकर असतो, हें १९७२ च्या मे महिन्यांत वेल्समधील स्वान्सी येथें दिसून आलें. ‘स्टोन द क्रोज’ या चमूचे गिटारवादक लेस्ली हार्वे यांचा अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श झाला, आणि रंगमंचावरच त्यांचा अंत झाला. म्हणून तीन पायांचा प्लग बसविणें व तो घातकी कंडेन्सर काढून टाकणें, यांबाबत अस्सलपणाचा कोणताहि युक्तिवाद ऐकूं नये. भारतांत अशी पेटी आल्यास आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ती ११० ते ११७ व्होल्ट दाबासाठीं व सेकंदाला ६० आवर्तनांसाठीं बनलेली असते; येथील वीज २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची असते. दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर जोडला तरी आवर्तनें तींच राहतात, व पेटींतील मूळ ट्रान्सफॉर्मर अधिक तापतो. त्यावर सतत लक्ष ठेवावें लागतें.

यापुढें कामाचा क्रम ठरलेला आहे. ओलसर रसायन भरलेले मोठे कंडेन्सर वीस-पंचवीस वर्षांत सुकतात, आणि मग पेटींतून अखंड घूं घूं आवाज येतो. ते बदलावेच लागतात. कागदी कंडेन्सर गळूं लागले कीं आधींच्या व्हॉल्व्हचा सरळ दाब पुढच्या व्हॉल्व्हच्या जाळीवर जातो, तो व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो, त्याची पट्टी लाल होते, आणि शेवटीं ट्रान्सफॉर्मर जळतो. म्हणून प्रत्येकाची गळती मोजावी. जो गळतो तोच काढावा. कोळशाचे रोधक कालांतरानें आपलें मूल्य वाढवितात, व कांहीं तळणांत भजीं पडावीं तसे चरचरतात. त्यांतहि जे बिघडले तेवढेच बदलावे. नंतर विजेच्या मार्गांत एक साधा दिवा एकसर जोडून पेटी प्रथमच चालू करावी. दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक. प्रखर राहिला तर आंत कोठेंतरी दोष आहे. कर्णा जोडल्यावांचून पेटी कधींहि वाजवूं नये, कारण त्यायोगें शेवटच्या ट्रान्सफॉर्मरचा नाश होऊं शकतो. अखेरीस मोठ्या व्हॉल्व्हमधून स्वस्थ स्थितींत वाहणारा प्रवाह मापून योग्य मर्यादेंत आणावा.

या क्रमांत ‘जेवढें बिघडलें तेवढेंच’ हें तत्त्व पुनःपुन्हा येतें. संग्राहकांत याविषयीं दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, मूळचा एकहि भाग हलवूं नये. पेटी मुकी राहिली तरी चालेल. दुसरा म्हणतो, वाद्य वाजण्यासाठींच आहे. हवें तें बदला. पहिला पक्ष हें विसरतो कीं, कंडेन्सर व व्हॉल्व्ह हे समईंतील तेलवातीप्रमाणें संपण्यासाठींच असतात आणि स्वतः फेंडर यांनीं ते बदलण्याची सोय करून ठेविली होती. दुसऱ्या पक्षाचा दोष अधिक गंभीर आहे. आपल्याकडे काळ्या दगडाच्या जुन्या देवळांवर जीर्णोद्धाराच्या नांवाखालीं तैलरंगाचे थर चढविले गेले आणि शिल्प व शिलालेख त्यांखालीं बुजले. आवाज ‘सुधारण्यासाठीं’ ट्रान्सफॉर्मर बदलणारा आणि शोभेसाठीं नवें कापड चढविणारा कारागीर याहून वेगळें कांहीं करीत नाहीं. ज्या माथे वाकलेल्या लहरींनीं ही पेटी नांवारूपास आली, त्या अंशतः त्याच ट्रान्सफॉर्मरच्या आणि त्याच कर्ण्याच्या मर्यादेंतून उपजलेल्या असतात. मर्यादा नाहींशी झाली कीं आवाजहि जातो. आणि भागावरील शिक्का गेला कीं पेटीची साक्षहि जाते.

यासाठीं चांगला कारागीर काम सुरू करण्यापूर्वीं पेटीच्या अंतरंगाचीं छायाचित्रें घेतो, प्रत्येक भागावरील आंकडे उतरून ठेवतो, आणि काढलेले निकामी भाग फेंकून न देतां पिशवींत घालून पेटीबरोबरच मालकाच्या स्वाधीन करतो. त्यानें काय बदललें, केव्हां व कां, याची टिपणहि त्या पिशवींत असते. पन्नास वर्षांनीं तीच पेटी दुसऱ्या कोणाच्या हातीं पडेल, तेव्हां तो कंडेन्सर पुन्हा सुकलेला असेल. त्या वेळच्या कारागिराला मूळ भाग कोणता, मागाहून आलेला कोणता, हें अनुमानानें ठरवावें लागणार नाहीं. तें त्याला वाचतां येईल.